मोरसच्या बेटावर पाच दिवस आणि एक छोटी गाडी

मॉरिशस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? निळं पाणी, पांढरी वाळू आणि हनिमून पॅकेजच्या जाहिरातीतलं ते हात पसरून उभं असलेलं जोडपं, हो ना? पण आमच्या बडोद्यात हे बेट प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात कधीचं येऊन बसलंय. गुजरातीत साखरेला 'मोरस' म्हणतात. माझी आजी अस्सल मराठी, तरी वाण्याची यादी करताना 'मोरस, दोन किलो' असंच लिहायची. जुन्या मराठीतही 'मोरस साखर' होतीच. हे मोरस म्हणजे मॉरिशस. तिथली साखर बोटीने आपल्याकडे यायची आणि येताना गावाचं नावही घेऊन यायची.

आता आमच्याबद्दल थोडं. लग्नानंतर दीड वर्षाने आम्ही दोघांनी भाड्याचं घर सोडलं. काम दोघांचंही लॅपटॉपवरचं. भांडीकुंडी सासरच्या माळ्यावर ठेवली आणि निघालो. व्हिएतनाम झालं, श्रीलंका झाली, आणि सातव्या महिन्यात आम्ही मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाक नावाच्या गावात खोली घेऊन राहत होतो. मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांचं, घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, त्यामुळे ऑफिसच्या मीटिंगांनाही त्रास नाही.

लांबच्या प्रवासाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. सात महिने चोवीस तास एकाच माणसाबरोबर राहिलात की बोलायचे विषय संपत नाहीत, एकच विषय उरतो. आमचा विषय होता, पुढे काय? त्याला इथून केनिया गाठायचं होतं. मला घरी जायचं होतं. बचत अर्धी झाली होती, आणि आईच्या प्रत्येक फोनचा शेवट 'मग कधी येताय?' असा व्हायचा. शेवटी ठरलं की पाच दिवस गाडी भाड्याने घ्यायची, बेटाला एक फेरी मारायची आणि गाडीत हा विषय काढायचा नाही. हा नियम दुसऱ्या गोलचौकापर्यंत टिकला.

बेट आहे तरी केवढं? मुख्य बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्मं. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सुमारे ६५ किलोमीटर. एवढ्यासाठी पाच दिवस कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही दुकानदाराने हेच विचारलं, पण पैसे पाच दिवसांचे घेतले.

गाडी चालवणं आपल्याला सोपं जातं. इथेही डावीकडूनच चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडेच असतं. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून घ्या. ते वर्षभर चालतं. आमच्या करारात दोन्ही चालकांची नावं लिहिली होती, आणि त्यातलं दुसरं नाव माझं होतं हे मी मुद्दाम सांगतेय. लायसन्स माझ्याकडे पाच वर्षं आहे. पण माहेरी गाडी भाऊ काढायचा, सासरी नवरा. मी आपली शेजारी बसून पाण्याची बाटली धरणार आणि 'डावीकडे घे' म्हणणार. इथे मी अट घातली, अर्धे किलोमीटर माझे. तो हो म्हणाला, पण पहिले दोन दिवस त्याचा उजवा पाय पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता.

रस्ते चांगले आहेत पण अरुंद. महामार्ग सोडला की दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या आत कुठेतरी वळण. वेग पकडणारे कॅमेरे भरपूर, आणि गोलचौक तर इतके की मोजायचं आम्ही सोडून दिलं. हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये, संध्याकाळी सहाच्या आसपास अंधार पडतो, तेव्हा मुक्कामाला त्याआधी पोचा. आणि नकाशातल्या बाईवर उच्चारांसाठी विसंबू नका. गावांची नावं फ्रेंच, बाई वाचते इंग्रजी. मी बी.ए. इंग्लिश, तिच्याइतकीच निरुपयोगी.

सोळा पायऱ्या

पहिला थांबा राजधानी पोर्ट लुई. बंदराला लागूनच, वाहत्या महामार्गाच्या कडेला आप्रवासी घाट आहे. युनेस्कोने २००६ मध्ये त्याला जागतिक वारशात घेतलं. पाहायला गेलात तर दगडी भिंती, काही खोल्यांचे अवशेष आणि काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. एवढंच. फोटोसाठी येणारे पाच मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही थांबा.

ब्रिटिशांनी इथली गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ ला संपवली. मग उसाच्या मळ्यांत राबणार कोण? त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून ३६ भारतीय मजूर उतरले होते. पुढच्या आठ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसं आली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातली, काही तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली, रत्नागिरी-सातारा भागातली. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. भोजपुरी माणसं या बेटाला 'मारीच' म्हणायची. परतीचा विचार करूनच बरेच जण निघाले असणार. दर तिघांतले सुमारे दोघे इथेच राहिले.

नोंद करणारा कारकून नाव विचारायचा. माणूस स्वतःचं नाव सांगायचा, आणि पुढच्या पिढीत तेच आडनाव होऊन बसायचं. म्हणून इथे आजही सखाराम किंवा बाबाजी ही आडनावं भेटतात. त्या नोंदवह्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्यात. १८६० च्या दशकापासून मजुरांचे फोटोही काढले जायचे. तुमच्या घरात कुणी कधी 'पणजोबांचा भाऊ बोटीवर गेला तो आलाच नाही' असं सांगितलं असेल, तर हे नाव लिहून ठेवा.

त्या पायऱ्यांवर नवरा म्हणाला, 'यांनाही कुणी विचारत असेल का गं, मग कधी येताय?' मी काही बोलले नाही. त्याला बोलायचं होतं केनियाबद्दल, आणि मला ते कळत होतं.

उत्तरेकडचा भाग मी भरभर संपवते. काप मालरोचं लाल छपराचं छोटं चर्च आणि त्यामागचा हिरवट समुद्र सुंदर आहे, जाच. ग्रां बे मला आवडलं नाही. दुकानं, बोटी, गर्दी. त्यासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नाही.

दगडांचे ढीग

पूर्वेकडे उतरताना तुम्हाला उसाच्या शेतांत एक विचित्र गोष्ट दिसेल. हिरव्यागार उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठे ढीग, काही घराएवढे, काही तर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले. पहिल्यांदा मला वाटलं देवळाचे अवशेष असतील. तसं नाही. हे बेट ज्वालामुखीचं. जमिनीत बेसॉल्टच बेसॉल्ट. ऊस लावायचा तर दगड आधी वेचावे लागत, आणि ते हाताने वेचले गुलामांनी आणि नंतर आपल्या लोकांनी. कुठे टाकणार? शेतातच रचले.

आम्ही गाडी कडेला घेऊन एका ढिगाजवळ गेलो. तोडणीचा हंगाम होता, दूरवर मशीन चालू होतं, हवेत कापलेल्या उसाचा वास. एक दगड मी उचलून पाहिला. एका हाताने उचलेना. आजीच्या यादीतली दोन किलो मोरस आठवली आणि दगड परत ठेवला.

पुढे ग्रां पोर्टच्या बाजूने रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की भरतीला लाटेचे शिंतोडे काचेवर येतात की काय असं वाटतं. डच खलाशी १५९८ मध्ये याच किनाऱ्यावर उतरले. त्यांनी बेटाला आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं, नाव दिलं, ऊस आणला आणि त्यांच्याच काळात डोडो पक्षी संपला. मग फ्रेंच आले. १८१० मध्ये इथल्याच खाडीत फ्रेंचांनी ब्रिटिश आरमाराला हरवलं. त्या लढाईचं नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेलं आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षाअखेर बेट ब्रिटिशांच्या हातात गेलं. म्हणून इथे कायदे-कचेऱ्यांत इंग्रजी, वर्तमानपत्रं फ्रेंच, आणि घरात, बाजारात, भांडणात क्रिओल.

मुक्काम माहेबूरला, दोन रात्री. नावात 'माहेर' ऐकू येतं म्हणून मला ते आधीपासूनच आवडलं होतं. सोमवारी इथे मोठा बाजार भरतो. तिथे ढोलपुरी खा, काहीही करा पण खा. आपल्या पुरणपोळीतून गूळ काढून टाका, पिवळ्या डाळीचं कोरडं, जिऱ्याचं सारण भरा, पोळी रुमालासारखी पातळ लाटा. मग त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची चटणी आणि मिरचीचा ठेचा. कागदात गुंडाळून देतात, आणि नेहमी जोडीने, एक कुणी मागतच नाही. सकाळी 'गातो पिमाँ' मिळतो. नाव फ्रेंच, अर्थ मिरचीचा केक, आणि वस्तू म्हणजे आपला डाळवडा. तो लोणी लावलेल्या पावात घालून खातात. वडापावचा समुद्रापारचा चुलतभाऊच म्हणा. वर थंडगार 'आलुदा', म्हणजे सब्जा घातलेलं दूध.

पैसे देताना नोट उलटून पाहा. इथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात, तेव्हा खिसा सांभाळून. नोटेवर इंग्रजीखाली तमिळ आणि मग हिंदी. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी वर आणि तमिळ खाली छापलं गेलं, तमिळ लोकांनी निषेध केला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. भाषा इथे लोक जपून ठेवतात, हे तेव्हा वाचून हसू आलं होतं. दोन दिवसांनी हसू आलं नाही.

आमच्या घरमालकीणबाईंनी २०२० ची गोष्ट सांगितली. जुलैमध्ये 'वाकाशिओ' नावाचं जहाज जवळच्याच प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल फुटून खाडीत आलं. सरकारी मदतीची वाट न पाहता लोकांनी कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचं पाचट भरलं, तरंगायला प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि तेल अडवायला समुद्रात सोडल्या. बाईंनी स्वतःच्या खिडक्यांचे पडदे दिले होते. 'नवे पडदे अजून घेतले नाहीत,' असं म्हणून त्या उघड्या खिडकीकडे बघून हसल्या.

स्टिअरिंगवर मी

चौथा दिवस दक्षिणेचा, आणि तुम्हाला फक्त एकच दिवस गाडी परवडणार असेल तर ती इथे न्या. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, म्हणून किनाऱ्याचं पाणी तळ्यासारखं शांत. सुयाक गावाजवळ ग्री-ग्रीला मात्र ही भिंत तुटते. तिथे समुद्र थेट काळ्या कड्यांवर येऊन आदळतो. जाहिरातीतलं मॉरिशस तिथे संपतं. पोहायला मनाई आहे आणि ती पाळा.

तिथून पश्चिमेला जाणारा रस्ता माझ्या वाट्याला आला. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, मध्ये मासे विकणारी छोटी गावं, आणि सुरूची झाडं. अगदी आपल्या अलिबाग-दापोलीसारखी. इथे सुरूला 'फिलाओ' म्हणतात आणि रविवारी त्यांच्याखाली अख्खी कुटुंबं बिर्याणीची पातेली घेऊन बसतात. किनारे सगळे सार्वजनिक आहेत, मोठ्या हॉटेलासमोरच्या वाळूवरूनही तुम्हाला कुणी उठवू शकत नाही.

बे द्यू कापच्या पुढे माकोंदे नावाचा खडक येतो. रस्ता त्याला घट्ट वळसा घालतो. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाली पाणी, आणि समोरून बस. नवऱ्याने श्वास रोखला. मी गिअर उतरवला, हॉर्न दिला, बसवाल्याने हात दाखवला, मी निघाले. एवढीच गोष्ट. पण त्यानंतर त्याचा पाय हलला नाही. पुढच्या वळणावर तो चक्क खिडकीतून बाहेर बघत होता, आणि 'मला पहिल्यांदाच काहीतरी दिसतंय, नाहीतर रस्ताच बघत असतो' असं म्हणाला. तुमच्या घरी कुणी दुसऱ्या सीटवर कायमचं बसलेलं असेल, तर अशा रस्त्यावर अदलाबदल करून बघा. हायवेवर नको.

ले मोर्न डोंगर दुरूनच दिसू लागतो. ५५६ मीटरचा उभा खडक, तीन बाजूंना समुद्र. मळ्यांतून पळालेले गुलाम वर लपून राहायचे. अशी कथा सांगतात की गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई आले, तर वरच्या लोकांना वाटलं पकडायलाच आलेत, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. पायथ्याशी स्मारक आहे. समोर परदेशी पाहुणे पतंगांना बांधून लाटांवर उडत होते. दोन्ही एकाच चौकटीत बसत नव्हतं, म्हणून मी फोटो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी घाट चढून शामारेलला गेलो. सात रंगांची माती जाहिरातीत जेवढी रंगीत दिसते तेवढी नाही, आवारही लहान. जवळचा धबधबा मात्र बघत राहावा असा. तिथून पुढे धुक्यातून गंगा तलाव. ज्वालामुखीच्या जुन्या मुखात साठलेलं तळं, काठावर देवळं, माकडं आणि रस्त्यालगत ३३ मीटर उंचीचे मंगल महादेव. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून या तळ्यात मिसळलं गेलं. महाशिवरात्रीला बेटभरातून लाखो लोक खांद्यावर कावड घेऊन चालत येतात. आम्ही गेलो तेव्हा पावसाची भुरभुर होती आणि एक म्हातारी बाई क्रिओलमध्ये महादेवाशी काहीतरी वाद घालत होती.

कास्कावेल

गाडी संध्याकाळी पाचला परत द्यायची होती. साडेतीनला कास्कावेल गावात पाण्याची बाटली घ्यायला थांबलो. इथल्या मराठी लोकांबद्दल मी थोडं वाचलं होतं. बेटावर पहिला गणपती १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात बसला असं सांगतात, आणि गणेश चतुर्थीला इथे अख्ख्या देशाला सुट्टी असते. शाळेत मराठी शिकता येतं. कोकणातली जाखडी इथे 'झाकरी' नावाने अजून नाचतात. पण वाचलेलं वेगळं.

मी नवऱ्याला म्हणाले, 'अरे, सुटे आहेत का तुझ्याकडे?' दुकानाच्या पायरीवर बसलेले आजोबा ताठ झाले. माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच, शब्द चाचपत, म्हणाले, 'जेवलीस काय, बाय?'

सात महिन्यांत आईशिवाय मला हे कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही आत गेलो. आजोबांची मराठी म्हणजे त्यांच्या आजीकडून उरलेली पन्नासएक वाक्यं. ये, बस, जेव, पाणी आण, दिवा लाव, कुठं गेला होतास. सगळी घरातली. मधले दुवे क्रिओलचे आणि हिंदी सिनेमाचे. त्यांच्या मुलाला मराठी समजतच नव्हती. आणि दहा वर्षांची नात मात्र शाळेत मराठी शिकत होती. ती वही घेऊन आली, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, 'नमस्कार. आपण कोठून आला आहात?' इतकं शुद्ध मराठी मी बडोद्यात कधी ऐकलं नाही. आमची घरची मराठी गुजराती शब्दांनी भरलेली. सातवीत मराठी नातेवाइकांनी मला त्यावरून इतकं हसवलं होतं की मी कॉलेजला इंग्लिश घेतलं.

आजोबा म्हणाले, गणपतीला थांबा. अजून पाच आठवडे होते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. केनियाही नाही आणि घरही नाही, हा पर्याय आम्हा दोघांच्या यादीत नव्हता. खोलीचं भाडं पाच आठवडे वाढवून मिळेल का, याचा हिशोब त्याने तिथेच फोनवर सुरू केला. मी आईला मेसेज टाकला, गणपतीनंतर सांगते.

तेवढ्यात नातीने वही पुढे केली. गृहपाठ अनेकवचनांचा होता. 'घर' या शब्दाचं अनेकवचन काय? तिच्या पुस्तकात 'घरे' होतं. मी सवयीने 'घरं' म्हणून गेले. ती गोंधळली. नवरा म्हणाला, लिहिताना घरे, बोलताना घरं, दोन्ही चालतं. तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. गाडीवाल्याचा फोन वाजत होता, पाच वाजत आले होते.

'घरां,' आजोबा म्हणाले. 'माझी आजी घरां म्हणायची.'

पोरीने वहीत तिन्ही लिहून घेतली.